बिंदुसाराचे सुके अंजीर

आपल्या क्रमिक पुस्तकांत बिंदुसाराची मोठी उपेक्षा झाली आहे. बाप चंद्रगुप्त, मुलगा अशोक. या दोन डोंगरांमधल्या खिंडीसारखा तो बिचारा दोन ओळींत संपतो, आणि वर्गातही त्याच्या वाट्याला घंटेआधीची दोन मिनिटेच येतात. परंतु या सम्राटाची एक हकिकत अशी आहे की, ती सांगितली म्हणजे मुलांना तो एकदम घरातला माणूस वाटू लागतो. सीरियाचा ग्रीक राजा अँटायोकस याला त्याने पत्र पाठवले आणि तीन वस्तू विकत घेऊन धाडण्यास सांगितले: गोड मद्य, सुकी अंजिरे आणि एक वादपटू पंडित! अँटायोकसने उलट कळवले की, मद्य आणि अंजिरे खुशाल पाठवतो, पण पंडित विकणे ग्रीकांच्या कायद्यात बसत नाही. ॲथेनिअस नावाच्या ग्रीक ग्रंथकाराने हेगेसँडर या त्याच्याहून जुन्या लेखकाच्या आधाराने ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. मी माझ्या एखाद्या कादंबरीत असा प्रसंग घातला असता, तर संपादकांनी तो अतिरंजित म्हणून खोडला असता.

पंडिताच्या मुद्द्यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत नेहमी हशा पिकतो. कोणी म्हणतो, आता मागितला असता तर चार मिळाले असते. माझे मन मात्र अडते ते अंजिरांपाशी. हिंदुकुशापासून थेट दक्षिणेत खोलवर ज्याची सत्ता, ज्याच्या दारी आंबे, फणस, केळी, जांभळे यांच्या राशी पडत असतील, त्याने मागावे काय, तर वाळून सुरकुतलेले, चपटे, दिसायला अगदी गरीब असे एक परदेशी फळ. ओल्या अंजिराला ग्रीक भाषेत एक नाव होते आणि सुक्याला निराळे. सुक्याला ते ‘इस्खास’ म्हणत. आपण नाही का, आले वेगळे आणि सुंठ वेगळी म्हणत, किंवा रातांबा वेगळा आणि आमसूल वेगळे? वाळल्यावर ज्या वस्तूला स्वतःचे नाव मिळते, तिचा त्या लोकांच्या घरातला मुक्काम जुना समजावा. आपण अजून नुसते ‘सुके अंजीर’ म्हणतो. आणि त्यातला ‘अंजीर’ हा शब्दही फारसीकडून घेतलेला आहे.

मी हे सगळे एवढ्या आपुलकीने सांगते याला कारण आहे. मी पुरंदर तालुक्यात नांदते. दिवे घाट चढून वर आले की दिवे, झेंडेवाडी, सोनोरी, गुऱ्होळी अशा गावांतून अंजिराच्या बागा लागतात. मुरमाड, निचऱ्याची जमीन, बेताचा पाऊस आणि कोरडी हवा. अंजिराला यापरते काही लागत नाही. २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळाले. पावसाळ्यानंतरचा खट्टा बहार आणि उन्हाळ्याचा मिठा बहार, असे दोन बहार येथे धरतात. त्यांतला गोडीचा म्हणजे मिठा. तो भरात असतो मार्च-एप्रिलमध्ये. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या अंगणांतून आणि गच्च्यांवरून वाळवणाची धांदल असते. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, मिरच्या, चिंच, कैरीच्या फोडी. ज्याला ऊन मानवते ते सगळे उन्हात पडलेले असते. नसते ते फक्त अंजीर. झाडावरचे फळ एक दिवस जास्त राहिले तर गळून कुजते, त्यावर माश्या घोंगावतात; आणि त्याच घरात कोणी बाळंतीण असली, किंवा दिवाळीला चार पाहुणे यायचे असले, म्हणजे वाण्याकडून अफगाणिस्तानातले, सुतळीत ओवलेले सुके अंजीर मोलाने आणायचे!

असे का व्हावे? पुरंदरला ऊन कमी नाही, फळ कमी नाही, आणि वाळवण घालण्यात आमच्या बायकांचा हात कोणी धरणार नाही. याचे अर्धे उत्तर झाडात आहे आणि अर्धे माणसांत.

आधी झाडाचे पाहू. आपल्याकडे दुर्मीळ माणसाला ‘उंबराचे फूल’ म्हणतात. खरे तर उंबराला फुले ढीगभर असतात. ती फळाच्या पोटात दडलेली असतात एवढेच. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर ही सगळी एकाच कुळातली भावंडे, आणि चौघांचीही ही रीत एकच. आपण ज्याला अंजीर म्हणतो तो एक बटवा आहे. त्याच्या आतल्या अंगाला शेकडो बारीक फुले लागलेली, आणि बुडाशी एक सूक्ष्म छिद्र. त्या छिद्रातून आत शिरेल एवढी चिमुकली एक गांधीलमाशी देवाने या झाडासाठीच घडवली आहे. उंबर फोडले की भुर्रकन उडणारी केंबरे आपल्या परिचयाची आहेत; ‘उंबर फोडून केंबरे उडवणे’ हा वाक्प्रचारही त्यांवरूनच आला. ही माशी त्या केंबरांचीच परदेशी बहीण.

भूमध्य समुद्राकाठच्या सुप्रसिद्ध स्मर्ना जातीच्या अंजिरात फक्त स्त्रीफुले असतात. पराग असतो तो रानटी नर अंजिरात, आणि ती माशी जन्मते तीही तेथेच. तेव्हा शेतकरी काय करतात, तर उन्हाळ्याच्या तोंडी नर अंजिरे दोरीत ओवून, दसऱ्याला आपण दारावर तोरण बांधतो तशी, मादी झाडांच्या फांद्यांवर टांगतात. माश्या बाहेर पडतात, पराग अंगावर घेऊन मादी अंजिरात शिरतात, आणि तेथेच त्यांचा शेवट होतो. थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने या तोरणांचे वर्णन लिहून ठेवले आहे, आणि हा गृहस्थ बिंदुसाराचा समकालीन. सम्राटाने मागितला तो पंडित असाच कोणी असता तर आमच्या तालुक्याचे कल्याण झाले असते! (जैन आचारात उंबर, वड, पिंपळ आदी पाच फळे वर्ज्य मानली आहेत, ती आतल्या जीवांच्या हिंसेमुळे. निरीक्षण किती बारीक होते पाहा.)

या सगळ्या खटाटोपाचे फळ काय मिळते? परागामुळे अंजिरात खरी, गराने भरलेली बी धरते. साल जाड होते, गर दाट होतो, साखर वाढते, आणि चावताना ती बी दाताखाली खसखशीसारखी फुटून बदामाची चव देते. असे फळ झाडावरच सुरकुतते आणि आपण होऊन जमिनीवर गळते. माणसाने ते उचलून आणखी काही दिवस उन्हात टाकायचे. म्हणजे निम्मे वाळवण झाडच करते. आमच्या पुणेरी अंजिराला माशी लागत नाही. ते परागाशिवायच पिकते. त्याची बी पोकळ, साल पातळ, आणि शंभर भागांत ऐंशीच्या आसपास पाणी. ताजे खायला त्याच्यासारखे फळ नाही, हे मी सासरचा अभिमान बाजूला ठेवून सांगते. पण वाळण्याच्या कामी ते स्मर्नाच्या अंजिराचे गरीब नातेवाईक आहे.

गरीब असले तरी घराणे मात्र जुने. २००६ साली इस्रायली आणि अमेरिकी संशोधकांनी जॉर्डन नदीच्या खोऱ्यात, गिलगाल नावाच्या स्थळी मिळालेल्या नऊ जळक्या अंजिरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची होती, आमच्यासारख्याच बिनपरागी जातीची होती, आणि खाण्यासाठी वाळवून ठेवलेली दिसत होती. अशा झाडाची बी रुजत नाही. फांदी लावूनच ते वाढवावे लागते. म्हणून गहू-जवाच्याही आधी माणसाने अंजीर लावले, असे त्या संशोधकांचे म्हणणे. इतर विद्वानांनी त्यावर वाद घातला आहे, तो त्यांचा त्यांनी मिटवावा. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते की, ज्या काळी मातीचे मडके भाजणे ठाऊक नव्हते, त्या काळी कोणीतरी अंजीर उन्हात टाकून संध्याकाळी आत उचलत होते.

आपण सुक्या अंजिराला चैनीची किंवा औषधाची वस्तू समजतो. रोमन लोकांची समजूत तशी नव्हती. थोरल्या केटोने ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात शेतीवर एक पुस्तक लिहिले. हा तोच केटो, ज्याने सिनेटमध्ये ताजे अंजीर दाखवून ते तीनच दिवसांपूर्वी कार्थेजमध्ये तोडल्याचे सांगितले. शत्रू इतका जवळ आहे, हे त्याला ठसवायचे होते. आणि ख्रिस्तपूर्व १४६ मध्ये कार्थेज खरेच धुळीला मिळाले. आमचे अंजीर तीन दिवस टिकत नाही, त्यामुळे त्याच्यावरून कोणाचे राज्य बुडण्याची भीती नाही. तर या केटोच्या पुस्तकात बेड्या घातलेल्या गुलामांच्या शिध्याचा हिशेब आहे. हिवाळ्यात ४ पौंड भाकरी. द्राक्षमळ्याची खणणी सुरू झाली की ५ पौंड. आणि अंजिरे खायला मिळू लागली की पुन्हा ४ पौंड. म्हणजे कामाच्या ऐन कष्टात दिलेली एक पौंड भाकरी अंजिरे पिकताच काढून घ्यायची! त्या एका ओळीत रोमन साम्राज्याचे जेवढे दर्शन मला झाले, तेवढे विजयकमानींच्या चित्रांतून झाले नाही. आणि त्याच हिशेबातून हेही कळते की अंजीर तेथे भाकरीच्या तोलाचे होते. सुकी अंजिरे टिकवायची तर ऑलिव्हच्या तेलाची गाळसाळ आटवून ती आतून फासलेल्या मडक्यात ठेवावी, असेही केटो सांगतो.

त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, कोलुमेला नावाचा लेखक झाला. स्पेनमधल्या कादिझचा हा माणूस. त्याने अंजीर वाळवण्याची रीत इतकी घरगुती तपशिलाने दिली आहे की, ही माहिती त्याला कोण्या जाणत्या बाईने सांगितली असावी असा माझा संशय आहे. बोरूच्या काड्यांच्या ताट्या जमिनीपासून उचलून ठेवाव्यात. त्यांवर अंजिरे पसरावीत. रात्री दवापासून आणि पावसापासून त्यांवर झाकण घालावे. आणि वाळली की भर दुपारी, उन्हाने ऊन असतानाच, मडक्यात बडीशेपेच्या वाळल्या काड्यांवर दाबून भरावीत. दुसरी कृती तर वाचताना मी हातातले पुस्तक खाली ठेवले. वाळलेले अंजीर पायांनी कणकेसारखे तुडवायचे, त्यात भाजलेले तीळ, बडीशेप, जिरे आणि मिसरी बडीशेप घालायची, गोळे करून अंजिराच्याच पानात गुंडाळायचे, लव्हाळ्याने बांधायचे आणि पुन्हा ताटीवर सुकवायचे. पायांनी तुडवणे सोडले, तर हा संक्रांतीचा लाडू नव्हे तर काय?

पुढे या व्यापाराची किल्ली गेली ती स्मर्नाकडे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरकडे. मेंडेरेस नदीच्या खोऱ्यात उन्हाळाभर पाऊस नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात अंजीर गळते, वाळते, आणि पूर्वी उंटांच्या तांड्यांवरून बंदराला येई. १८६६ मध्ये इझमीर ते आयदिन रेल्वे पुरी झाली आणि उंटांचे काम हलके झाले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाला या धंद्याचा हेवा वाटला. त्यांनी १८८० नंतरच्या काळात स्मर्नाच्या हजारो फांद्या नेऊन लावल्या. झाडे झपाट्याने वाढली, फळे धरली, आणि आवळ्याएवढी होण्याआधीच गळून पडली. माशी राहिली होती मागे! फ्रेस्नोच्या जॉर्ज रोडिंगने १८९० मध्ये हाताने अंजिरात पराग फुंकून पाहिला, आणि तेवढी फळे पिकली. शेवटी १८९९ मध्ये अल्जीरियातून माश्यांसकट नर अंजिरे आणवली, तेव्हा कोठे बागा फळल्या. एका केंबऱ्यावाचून श्रीमंत देशाचे दोन दशके अडले.

आता राहिले माणसांतले उत्तर. ते सरळ व्यवहाराचे आहे. पहाटे तोडलेले अंजीर घाट उतरून पुण्याच्या बाजारात सकाळीच पोचते आणि रोख पैसा हाती येतो. ते वाळवायचे म्हटले तर हिशेब काय पडतो पाहा. दहा किलो फळात आठ किलो पाणी. उरले दोन किलो. सुक्यात पाचवा भाग ओल राहू द्यायची, म्हणजे हाती आले अडीच किलो. चारास एक! त्यावर आठवडाभराची राखण, आणि विकायला जावे तर समोर काबूल-कंदाहारचा आणि तुर्कस्तानचा जाड, गोड माल. कोणता शहाणा शेतकरी वाळवील? पुणे जवळ होते म्हणून पुरंदरचे अंजीर वाढले, आणि पुणे जवळ होते म्हणूनच ते कधी वाळले नाही, असे माझे मत आहे. गुलामाच्या शिध्यात किंवा घरच्या बेगमीत अंजीर गेले, ते जेथे बाजार दूर होता तेथे.

२०२० च्या मार्चअखेर पुणे अचानक दूर गेले. टाळेबंदी लागली तेव्हा मिठा बहार ऐन भरात होता. आमची बाग लहान, वीस-बावीस झाडांची. पण फळाला टाळेबंदी ठाऊक नसते. गाडी मिळेना, मिळाली तर बाजार बंद. पहिले चार दिवस आम्ही शेजारीपाजारी वाटले, गुरांना घातले. पाचव्या दिवशी मामंजी पाटीतल्या फळांकडे पाहत नुसते बसून राहिले. वर्षाच्या खताची उधारी त्या पाटीवर होती. सासूबाई कुरडयांचा चीक हाटत होत्या. त्या म्हणाल्या, “कुरडई वाळती, मिरची वाळती, मग ह्येच का वाळायचं न्हाई?”

सासूबाईंनी कोलुमेला वाचलेला नाही. पण त्यांनी जे केले त्यात आणि त्याच्या कृतीत फरक काढायला जागा थोडी. मान टाकलेले, बोटाला मऊ लागणारे, बुडाच्या डोळ्याशी मधासारखा थेंब आलेले तेवढेच फळ त्यांनी घेतले. कच्च्याचा चीक बोटे सोलतो आणि वाळल्यावर ते चामड्यासारखे होते. फळ पुसून मधोमध चिरायचे, पण देठाकडे जोडलेले ठेवायचे, आणि पोथीसारखे उघडायचे. बाज अंगणात काढून तिच्यावर जुन्या लुगड्याचा धुतलेला धडपा अंथरला, म्हणजे खालूनही वारा लागतो. वरून पातळ मलमल, माश्यांसाठी. दिवस मावळायच्या आत सगळे घरात, कारण रात्रीची ओल दिवसाची कमाई खाते. तिसऱ्या दिवशी प्रत्येक फोड उलटून तळहाताने दाबायची. सुतळीतले काबुली अंजीर चपटे का असते ते तेव्हा मला उमगले. दाबल्याने आतली ओल सालीकडे येते आणि लवकर उडते. मध्ये एक दिवस आभाळ आले आणि वळवाचे चार थेंब पडले, तेवढ्यात एका बाजेवरचा माल आंबून गेला. तो उकिरड्यावर टाकावा लागला. बाकीचा सहाव्या-सातव्या दिवशी तयार झाला. पिळले तर रस नाही, वाकवले तर मोडत नाही, ही परीक्षा.

वाळले म्हणजे संपले असे नाही. ही फळे आठ दिवस डब्यात ठेवून रोज हलवायची. कोरड्यातली आणि ओलसरातली ओल तेव्हा सारखी होते. झाकणाला आतून दव धरले तर पुन्हा एक ऊन. मग उकळत्या मिठाच्या पाण्यात क्षणभर बुडवून काढायची आणि परत सुकवायची. किड्याची अंडी असतील तर मरतात. पावसाळ्यात वर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नये. ती कोमट पाण्यात विरघळली आणि वास गोड असला तर साखर. कुबट आली तर बुरशी, सरळ फेकावे. आमचे अंजीर रंगाने काळपट झाले. गंधकाची धुरी दिली असती तर उजळ राहिले असते, पण पोराबाळांनी खायचे त्याला धुरी कशाला? बियांची ती बदामी चव अर्थातच नव्हती. गोडी मात्र होती, आणि थोडी आंबूस छटा. त्यामुळे मला तरी ते विकतच्यापेक्षा रुचले.

उधारी त्याने फिटली नाही, हेही सांगितले पाहिजे. सगळे मिळून अकरा किलो माल झाला. दोन किलो नणंदेच्या बाळंतपणाला गेला, पाच किलो गावातच खपला. उरलेल्याचे मी कोलुमेलाच्या कृतीने लाडू केले. पायांनी न तुडवता, पाट्यावर वाटून. भाजलेले तीळ, बडीशेप, जिरे घातले, बागेतल्या अंजिराच्या पानांत गुंडाळले आणि लव्हाळे नव्हते म्हणून केळीच्या सोपटाने बांधले. दिवाळीत नोव्हेंबरमध्ये सोडले तेव्हा पाने कडकडीत झाली होती आणि आतला लाडू घट्ट, सुवासिक. फराळाच्या ताटात चकलीशेजारी एकेक ठेवला, आणि मुलांना सांगितले की हा दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन खाऊ आहे. सासूबाईंनी एक तुकडा तोडला, डोळे मिटून बराच वेळ चघळला, आणि म्हणाल्या, “चांगलं झालंय, पर जरा सुंठ घालाया हवी व्हती.”

पुढच्या वर्षापासून आम्ही सुंठ घालतो.